चेहऱ्यावरची भावना संदर्भासह कशी ओळखावी

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरचे असे एखादे छायाचित्र निवडा, ज्यात खेळाडूने महत्त्वाचा गुण नुकताच जिंकला किंवा गमावला आहे. दोन कोऱ्या कागदांनी त्याचे खांदे, हात आणि शेजारचा मथळा झाकून फक्त चेहरा उघडा ठेवा आणि ज्याने ते पान अजून पाहिलेले नाही अशा घरातल्या कुणाला तरी विचारा, की हा जिंकला आहे की हरला आहे. घट्ट मिटलेले डोळे, ताणलेले गाल आणि वासलेले तोंड एवढ्या सामग्रीवर उत्तर देणे किती अवघड जाते, हे लगेच ध्यानात येते. त्यानंतर एक कागद बाजूला करून वर उगारलेली मूठ दिसू दिली, की तोच चेहरा विजयाचा वाटू लागतो आणि मघाशी तो तसा का वाटला नाही, याचेच नवल वाटते.

हिलेल अविएझर, याकोव्ह ट्रोप आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास याच प्रकारच्या छायाचित्रांवर आधारलेला होता. व्यावसायिक टेनिसपटूंचे केवळ चेहरे पाहणाऱ्यांना जिंकलेला आणि हरलेला यांत फरक करता आला नाही. केवळ शरीर पाहणाऱ्यांना आणि संपूर्ण चित्र पाहणाऱ्यांना मात्र तो सहज करता आला. अशी भावना आपण कशावरून ओळखू, असे विचारल्यावर बहुतेकांचे उत्तर ‘चेहऱ्यावरून’ असेच होते. मला या अभ्यासातली हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. संदर्भ आपले काम इतक्या गुपचूप करतो, की त्याचे श्रेय आपण चेहऱ्याला देऊन मोकळे होतो.

शिक्षक, परिचारिका, समुपदेशक आणि घरात वयात येणारी मुले किंवा थकलेले आई-वडील असलेली माणसे यांना दररोज चेहऱ्यांवरून निर्णय घ्यावे लागतात. त्यांनी चेहऱ्याभोवतीचा संदर्भ जाणीवपूर्वक कसा पाहावा आणि त्याच संदर्भामुळे फसगत होऊ नये म्हणून काय करावे, याची ही मांडणी आहे.

चेहरा एकटा किती सांगतो

चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले होते, की मानवी मुद्रा बऱ्याच अंशी उपजत असतात आणि जगभर सारख्याच आढळतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉल एकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये जाऊन या विचाराची तपासणी केली, आणि आनंद, दुःख, राग, भीती, किळस व आश्चर्य या सहा भावनांच्या मुद्रा सर्वत्र ओळखल्या जातात हा निष्कर्ष पुढे पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. मात्र तिथे फोरे लोकांना आधी एक छोटी गोष्ट सांगितली जात असे आणि त्या गोष्टीला साजेसे छायाचित्र दोन-तीन छायाचित्रांतून निवडायला सांगितले जात असे. म्हणजे संदर्भ आधीच हातात दिलेला होता. शिवाय भीती आणि आश्चर्य यांचे चेहरे वेगळे करणे त्या लोकांना जमले नव्हते.

लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक हजारांहून अधिक शोधनिबंधांचा आढावा घेऊन जे लिहिले, ते चेहरा पाहून निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. राग आलेली माणसे सरासरी साधारण ३० टक्के वेळाच भुवया आक्रसतात, आणि राग आलेला नसतानाही माणसे भुवया आक्रसतातच. याचा अर्थ चेहरा निरर्थक आहे, असा मुळीच नाही. चेहरा शक्यतांची संख्या कमी करून देतो, पण त्यांतली नेमकी कोणती, हे बहुतेक वेळा तो एकटा सांगू शकत नाही.

आधी वर्णन करावे, भावनेचे नाव नंतर द्यावे

चेहरा दिसताक्षणी मनात ‘हा चिडला’, ‘ही घाबरली’ असा शब्द उमटतो. तो उमटू द्यावा, पण त्यावर विसंबू नये; त्याऐवजी डोळ्यांना जे दिसते त्याचे वर्णन मनातल्या मनात एका वाक्यात करावे. नववीच्या वर्गात भूमितीचा तास चालू आहे आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या भुवया जवळ आल्या आहेत, कपाळावर दोन उभ्या रेषा उमटल्या आहेत, ओठ घट्ट मिटलेले आहेत. ‘नाराज दिसते’ हा निष्कर्ष झाला. ‘भुवया जवळ, ओठ मिटलेले, नजर फळ्यावर’ हे वर्णन झाले. वर्णन हाती असले, की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. नजर फळ्यावरून वहीकडे आणि वहीवरून पुन्हा फळ्याकडे जाते आहे का? पेन्सिल हातात धरलेली आहे की बाकावर टाकून दिलेली आहे? त्या रेषा तास सुरू होण्यापूर्वीपासून होत्या, की दोन त्रिकोण एकरूप का आहेत हे सांगणारी पायरी फळ्यावर आली तेव्हा उमटल्या? विचारांच्या ओघात काही अडचण आली की भुवया आक्रसतात, हे डार्विननेही नोंदवले आहे. नजर ये-जा करते आहे, पेन्सिल हातात आहे आणि रेषा त्या पायरीलाच उमटल्या आहेत, अशी उत्तरे आली, तर ती मुलगी नाराज नसून पूर्ण एकाग्र आहे आणि तिला ती पायरी पुन्हा एकदा सावकाश सांगण्याची गरज आहे, हे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. ‘नाराज’ हा शब्द आधी धरून बसलेला शिक्षक तिला नेमके त्याच क्षणी टोकण्याची शक्यता असते.

काही मुद्रा एकमेकींच्या फार जवळच्या असतात आणि तिथे विशेष सावध राहावे. किळस आणि राग, तसेच भीती आणि आश्चर्य या जोड्या त्यांपैकी ठळक आहेत. तीव्र वेदना आणि तीव्र आनंद यांचे चेहरेही, क्रीडापानावर दिसते त्याप्रमाणे, एकमेकांसारखे होऊ शकतात.

संदर्भ नेमका कुठे शोधावा

सर्वांत आधी शरीराकडे पाहावे, कारण ते चेहऱ्याला लागूनच असते आणि तरीही दुर्लक्षित राहते. खांदे वर ओढलेले आहेत की सैल आहेत, हात कशावर आहेत, पावले कोणत्या दिशेला वळलेली आहेत, माणूस पुढे झुकला आहे की मागे रेलला आहे, हे दोन-तीन सेकंदांत पाहून होते.

त्यानंतर लगेच मागे काय घडले, ते आठवावे. दवाखान्याच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा उतरलेला दिसतो, तेव्हा तो आत्ताच डॉक्टरांना भेटून बाहेर आला आहे, की सकाळपासून उपाशीपोटी रक्ततपासणीसाठी थांबला आहे, यावर त्या चेहऱ्याचा अर्थ ठरतो. पहिल्या स्थितीत त्याला शांत जागा आणि ऐकणारे माणूस लागेल, तर दुसऱ्या स्थितीत रांग किती उरली आहे याची माहिती आणि चहाचा एक कप पुरेल.

माणसाचा नेहमीचा चेहरा कसा असतो, हा संदर्भ अनोळखी माणसाच्या बाबतीत उपलब्ध नसतो आणि ओळखीच्या माणसाच्या बाबतीत सर्वांत उपयोगी ठरतो. काहींच्या ओठांचे कोपरे मुळातच खाली झुकलेले असतात, काहींच्या भुवया जन्मतः जवळ असतात, आणि अशी माणसे आयुष्यभर ‘सदा कपाळाला आठ्या’ असा शेरा ऐकत राहतात. बदल पाहावा, ठेवण पाहू नये. परिचारिकेने नव्या रुग्णाशी पहिल्या दिवशी आजाराव्यतिरिक्त गाव, घर, मुलेबाळे यांविषयी पाच मिनिटे बोलावे, असे मी आवर्जून सुचवतो. त्या पाच मिनिटांत दिसलेला साधा चेहरा पुढे प्रत्येक बदल मोजायला उपयोगी पडतो.

आवाज, आजूबाजूला असलेली माणसे आणि मुद्रा टिकण्याचा काळ हेही पाहावे. वरिष्ठ समोर असताना आलेले हसू आणि मैत्रिणींत आलेले हसू यांचे मोल सारखे धरता येत नाही.

नाट्यशास्त्राने दिलेली चौकट

संदर्भाचा हा विचार आपल्याकडे फार जुना आहे आणि तो आजही कामाला येण्याइतका नेमका आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातले रससूत्र विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो असे सांगते. विभाव म्हणजे भावनेला कारण ठरणारी परिस्थिती आणि व्यक्ती, अनुभाव म्हणजे शरीरावर आणि चेहऱ्यावर दिसणारा परिणाम, आणि व्यभिचारी भाव म्हणजे मुख्य भावनेबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या चिंता, लज्जा, शंका यांसारख्या छटा, ज्यांची संख्या ३३ सांगितली आहे. ज्याला आपण चेहरा वाचणे म्हणतो, ते केवळ अनुभाव पाहणे असते. विभाव ठाऊक नसेल तर प्रेक्षकापर्यंत रस पोहोचत नाही, हे नटाला शिकवले जाते.

सातव्या अध्यायात अश्रूंची कारणे दिली आहेत, ती मुळातून पाहण्यासारखी आहेत. आनंद, संताप, धूर, अंजन, जांभई, भय, शोक, एकटक पाहणे, थंडी आणि रोग, इतक्या निरनिराळ्या कारणांनी डोळ्यांत पाणी येते, असे तिथे म्हटले आहे. आनंद आणि शोक या दोन टोकांबरोबर चुलीचा धूरही त्याच ओळीत बसवणाऱ्या ग्रंथकर्त्याला, चिन्ह एक आणि कारणे अनेक, ही गोष्ट पुरती उमगली होती. लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीच्या आईच्या डोळ्यांतले पाणी पाहून आपण ते दुःखाचे की समाधानाचे असा प्रश्नही विचारत नाही, कारण तो प्रसंगच दोन्ही भावना एकत्र असण्याचा आहे. डोळे भरलेले दिसले, की ही यादी मनात एकदा फिरवावी आणि निदान तीन कारणे तपासल्याशिवाय सांत्वनाला सुरुवात करू नये, हा नियम मी प्रत्येकाला सांगेन.

संदर्भ फसवतो तेव्हा

संदर्भ हे साधन दुधारी आहे. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात केलेला प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो: इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्यासोबत, तर कधी शवपेटीसोबत जोडून दाखवला गेला आणि प्रेक्षकांना त्यात भूक आणि शोक दिसला. ती मूळ फीत आज उपलब्ध नाही, पण पुढच्या संशोधकांनी याच मुद्द्याची अधिक काटेकोर तपासणी केली आहे. जेम्स कॅरोल आणि जेम्स रसेल यांनी १९९६ मध्ये भीतीचा म्हणून मान्य असलेला चेहरा एका गोष्टीसोबत दाखवला. बहिणीला महागड्या हॉटेलात जेवायला नेणाऱ्या बाईने आधीच टेबल राखून ठेवलेले असूनही तिला ताटकळत ठेवले जाते आणि नंतर आलेल्यांना आत सोडले जाते, अशी ती गोष्ट होती. बहुतेकांनी त्या चेहऱ्यावर राग वाचला.

अविएझर आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात किळस आलेला चेहरा मूठ उगारलेल्या धडावर बसवला, तेव्हाही बहुतेकांना तो रागाचा वाटला. एवढेच नव्हे, तर धड बदलल्यावर पाहणाऱ्यांची नजर चेहऱ्यावर फिरण्याची पद्धतही बदलली. रागाच्या संदर्भात ती डोळ्यांकडे अधिक वळू लागली. म्हणजे संदर्भ पाहून झाल्यावर आपण चेहऱ्याचा केवळ अर्थ बदलत नाही, चेहऱ्यावर काय पाहायचे तेही बदलतो. म्हणून ‘मी नीट निरखून पाहिले’ हे आश्वासन पुरेसे नसते.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही सवयीने जमतात. पहिला असा, की कोणत्याही महत्त्वाच्या प्रसंगी एका चेहऱ्यासाठी किमान दोन भावना सुचवाव्यात आणि दुसरी खरी असल्यास आणखी काय दिसले असते, ते शोधावे. दुसरा असा, की संदर्भ उलटा करून पाहावा: हाच चेहरा वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाचा असता, तर मी त्याला ‘उद्धट’ म्हटले असते का? हाच चेहरा चोरीची तक्रार आलेली नसताना दिसला असता, तर मला तो ‘अपराधी’ वाटला असता का? आधीच्या समजुतीतून आलेला संदर्भ आणि समोरच्या घटनेतून आलेला संदर्भ यांत फरक करण्यासाठी याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. गावाविषयी, जातीविषयी, धर्माविषयी किंवा एखाद्या कुटुंबाच्या लौकिकाविषयी मनात बसलेली समजूत हा संदर्भ मानूच नये. ती बाजूला काढणे हे या कौशल्याचे अर्धे काम आहे.

घर आणि प्रदेश बदलला की

ताकाहिको मासुदा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जपानी आणि अमेरिकी लोकांना एक मध्यवर्ती व्यक्ती आणि तिच्याभोवती इतर माणसे असलेली चित्रे दाखवली. मध्यवर्ती व्यक्तीची भावना ठरवताना जपानी लोकांवर भोवतालच्या चेहऱ्यांचा प्रभाव अधिक पडला आणि त्यांची नजरही त्या चेहऱ्यांकडे अधिक गेली. मुद्रेचा अर्थसुद्धा सर्वत्र एक नसतो: ज्या पापुआ न्यू गिनीत एकमन गेले होते, त्याच देशातल्या ट्रोब्रियांड बेटांवर कार्लोस क्रिव्हेली आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की आपण भीतीची समजतो ती डोळे विस्फारलेली, तोंड उघडे असलेली मुद्रा तिथले लोक धमकीची मानतात. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या व्यवहारात याचे साधे उदाहरण म्हणजे खाली घातलेली मान. थोरामोठ्यांशी बोलताना नजरेला नजर भिडवू नये, अशा शिस्तीत वाढलेले मूल मुख्याध्यापकांसमोर जमिनीकडे पाहते, तेव्हा ते आदर दाखवत असते. त्याला ‘चूक केली म्हणूनच नजर चुकवतोस’ असे सुनावणारा माणूस एका घरातल्या वळणाचा अर्थ दुसऱ्या घराच्या नियमाने लावत असतो.

कसे विचारावे

सर्व संदर्भ पाहूनही जे हाती येते तो अंदाजच असतो, आणि माणूस बोलू शकत असेल तर त्यालाच विचारणे हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. मात्र ‘तू रागावलास का?’ या प्रश्नात भावनेचे नाव आपणच पुरवतो आणि समोरच्याला फक्त होकार किंवा नकार उरतो. त्याऐवजी पाहिलेले सांगावे आणि अर्थ त्याच्यावर सोडावा: ‘मघाशी सहलीचा विषय निघाला आणि तू एकदम गप्प झालास, काय आलं मनात?’ वॉर्डातल्या वयस्कर बाईंना ‘आजी, दुखतंय का?’ एवढेच विचारले तर त्या सवयीने ‘नाही गं बाई’ म्हणून टाकतात. पण ‘आजी, कुशीवर वळताना तुम्ही डोळे मिटून घेतलेत, तेव्हा काय झालं?’ असे विचारले, तर उत्तर तपशिलात येते. चारचौघांत विचारू नये, कारण तिथे मिळणारे उत्तर हे चारचौघांसाठी असते. आणि मिळालेले उत्तर आपल्या अंदाजाच्या विरुद्ध असेल, तर ‘चेहरा तर वेगळंच सांगतोय’ असे म्हणून ते खोडून काढू नये.

जिथे चेहराच पुरेसा दिसत नाही, तिथे ही विचारपूस आणखी गरजेची ठरते. मास्कमुळे ओठ आणि गाल झाकले जातात, व्हिडिओ कॉलवर हात आणि आजूबाजूची माणसे चौकटीबाहेर जातात. पार्किन्सनच्या आजारात चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल मंदावते आणि आतून आनंदी असलेले आजोबाही कोरे, निरुत्साही दिसू लागतात. नातवंडांना हे घरातल्या मोठ्यांनी स्पष्ट शब्दांत समजावून सांगितले पाहिजे, नाहीतर आजोबांना आपण आवडेनासे झालो, असा त्यांचा समज होतो.

कॅमेऱ्यातून चेहरा पाहून भावना ओळखण्याचा दावा करणाऱ्या संगणकप्रणालींनाही हेच सारे आक्षेप लागू होतात. युरोपीय संघाने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या आपल्या कायद्यात कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांमध्ये भावना ओळखणाऱ्या प्रणाली वापरण्यास, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली असून ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. नोकरीच्या मुलाखतीत किंवा ऑनलाइन वर्गात अशी प्रणाली वापरली जात असल्याचे कळले, तर तिच्या निष्कर्षावर माणसाने फेरविचार करावा अशी मागणी करणे योग्यच आहे.

राहता राहिला प्रश्न ज्यांना बोलताच येत नाही त्यांचा. लहान मुलांच्या वेदना मोजण्यासाठी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फ्लॅक’ नावाची मोजपट्टी जगभरातल्या रुग्णालयांत वापरली जाते. तीत चेहरा, पाय, एकूण हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर मूल शांत होते की नाही, अशा पाच बाबी पाहतात. प्रत्येक बाबीला शून्य ते दोन गुण देतात आणि दहापैकी बेरीज करतात. घरी तान्हे बाळ रडत असेल, तेव्हा आई-वडिलांनी गुण मांडण्याची गरज नाही, पण पाहण्याचा क्रम हाच ठेवावा: तोंड वेडेवाकडे होते आहे का, पाय पोटाशी ओढले जात आहेत का, अंग ताठ होते आहे का, रडणे सलग आहे की थांबून-थांबून, आणि उचलून खांद्यावर घेतल्यावर ते कमी होते का. बाळ खांद्यावर घेऊनही शांत होत नसेल आणि पाय पोटाशी ओढत राहिले असेल, तर डॉक्टरांना फोन करताना या पाचही गोष्टी त्याच क्रमाने सांगाव्यात.